आईला कोकण दाखवायचं होतं

शाळेत नोकरी लागली आणि पहिल्याच दिवाळीच्या सुट्टीत मी ठरवलं, आईला कोकण दाखवायचं. कोकणात न्यायचं नव्हतं, तेवढी सुट्टीही नव्हती. घाटघरच्या कड्यावर उभं राहिलं की खाली सगळं कोकण दिसतं, हवा स्वच्छ असेल तर लांबवर समुद्राची रेघसुद्धा, असं आमच्या शाळेतल्या एक बाई सांगायच्या. मी ते घरी सांगितलं आणि आईनं तेच धरून ठेवलं. ती जामखेडकडची. लग्न होऊन घोडेगावात आली ती एका कोरड्या रानातून दुसऱ्या कोरड्या रानात.

"तिथं जमीन संपती म्हनं," ती भाकरी थापता थापता विचारायची. "संपती म्हंजी कशी संपती गं?"

मला ते सांगता यायचं नाही. म्हणून दाखवायचं होतं. बहात्तरच्या दुष्काळाच्या आदल्या वर्षीची ही गोष्ट.

घोळ एवढाच झाला की आबांना बरोबर घेतलं. न घेऊन करते काय? मायलेकी दोघीच हिंडायला गेल्या म्हटल्यावर गावानं वर्षभर चघळलं असतं. आमचे वडील घोडेगावच्या जनावरांच्या बाजारात लहानाचे मोठे झालेले. जनावर दिसलं की त्यांचा हात आपोआप त्याच्या जबड्याकडे जायचा. त्यातही त्यांचा एक नेम होता. ज्याचे दात पाहिले त्याला मागणी केल्याशिवाय पाठ फिरवायची नाही, तो त्या जनावराचा आणि मालकाचा अपमान. घ्यायचं असो वा नसो, उपरण्याखाली हात घालून बोटांनी भाव करायचाच.

भंडारदऱ्याचं धरण त्यांनी उभ्या उभ्या पाहिलं. "एवढं पानी, आन् आमच्याकडं एक थेंब न्हाई," असं म्हणून तोंड फिरवलं. रंधा धबधब्यावर आई तुषार अंगावर घेत उभी होती, तर हे मागच्या रस्त्यावर कुणाच्यातरी बैलाचं वशिंड चाचपत होते. मी दात-ओठ खाल्ले. म्हटलं, उद्या कड्यावर कुठून येणार आहेत जनावरं!

दुसऱ्या दिवशी धरणाकाठच्या शेंडी गावाहून लाकडं आणायला निघालेल्या एका ट्रकवाल्यानं आम्हांला घाटघरला सोडलं. "दोन तासांनी हॉर्न देईन. आलात तर ठीक, न्हाईतर ऱ्हावा इथंच," त्यानं बजावलं. कडा तिथून दहा मिनिटांच्या वाटेवर. आकाश लख्ख होतं. आणि वाटेवरच एक म्हातारा डांगी गाय चारत बसलेला! पांढऱ्या अंगावर काळे ठिपके, तेल चोपडल्यासारखी तुकतुकीत कातडी. आबा जागीच थांबले. मी "आबा, नको," म्हणेपर्यंत गाईचा जबडा त्यांच्या हातात होता.

आई जवळच्या दगडावर बसली. दशम्यांचं फडकं मांडीवर घेऊन.

"आई, चल, आपण पुढं होऊ."

"ह्यांना टाकून? येऊ दे की त्यांना. तिघं मिळून बघू."

मी आबांकडे गेले. त्यांनी उपरणं म्हाताऱ्याच्या हातावर टाकलं होतं. त्या भागात ही रीत नसावी. म्हाताऱ्याला वाटलं, देशावरच्या लोकांची ही भेटायची पद्धत असेल. त्यानं आबांचा हात आतल्या आत घट्ट धरला आणि गाईच्या आईपासून हकिगत सुरू केली. आबा बोटं दाबायचे, म्हातारा प्रेमानं उलट दाबायचा.

"आबा, चला ना आता."

"आलोच. दात बघितलेत मी. मागनी न करता कसा निघू?"

"घ्यायची आहे का तुम्हांला?"

"खुळी का काय! हितनं न्यायची कशी?"

माझ्या डोक्यात तिडीक गेली आणि मी एकटीच तरातरा कड्यावर निघून गेले.

तिथं जमीन खरंच संपत होती. भाकरीचा तुकडा मोडावा तशी तुटलेली. खाली भाताची पिवळी खाचरं, नखाएवढी घरं, नदीचा दोरा. एक घार माझ्या पायांच्या खाली तरंगत होती. घारीची पाठ मी आयुष्यात पहिल्यांदा वरून पाहिली. अगदी शेवटी एक चकचकीत पट्टी होती. तो समुद्र होता की उन्हाची तिरीप, हे मी आजही छातीठोक सांगू शकत नाही. पाच-सात मिनिटं पाहिलं असेल, आणि एकदम आई आठवली. मी धावत मागं फिरले.

आई तशीच दगडावर होती. मी तिचं मनगट धरून तिला उठवलं. "थांब, ह्यांना सांगू तर दे," म्हणत ती आबांपाशी गेली. ते मान न वळवता म्हणाले, "व्हा की फुडं, मी कुठं अडवलंय?"

एवढंच विचारायचं राहिलं होतं.

आम्ही पोचलो तेव्हा दरीतून धुकं वर चढलं होतं. पुढं नुसतं पांढरं. आई कडेपासून चार हात मागं, पदराचं टोक मुठीत धरून उभी राहिली. तिनं एक खडा टाकून पाहिला; पडल्याचा आवाज आला नाही. आम्ही वाट पाहत राहिलो. मग हॉर्न वाजला.

"मघाशी तुला दिसलं का गं?" तिनं विचारलं.

मी तिच्या तोंडाकडे पाहिलं. "नाही. तेव्हाही असंच होतं."

"मग काय न्हाई," ती हलकी होऊन म्हणाली. "मला वाटलं, मी एकलीच ऱ्हायले."

ट्रकमध्ये आबा गाईचे गुण सांगत होते. मी त्यांच्याशी आठवडाभर बोलले नाही, आणि ते त्यांच्या लक्षातही आलं नाही.

पुन्हा जाणं झालं नाही. दुष्काळ पडला, मग माझं लग्न, मग आईचे गुडघे. आल्यागेल्याला ती कौतुकानं सांगायची, "आमी दोघी बी गेल्तो, दोघींना बी न्हाई दिसलं." मी मान डोलवायचे.

शेवटच्या आजारपणात, अंथरुणावर पडल्या पडल्या, तिनं पुन्हा विचारलं, "जमीन संपती म्हंजी कशी संपत आसंल गं?"

आता मला सांगता आलं असतं.

"मला काय माहीत, आई," मी म्हणाले. "मला तरी कुठं दिसलं?"