जळका वास आलाच नव्हता

आमच्या हॉलमध्ये टीव्हीखाली एक काळा, जाडजूड डबा आहे. सोसायटीतलं कुणी सिनेमा बघायला आलं की त्याची गोष्ट मला सांगावीच लागते — बंद पडलेला रिसीव्हर मातीमोल भावात आणला आणि स्वतःच्या हाताने जिवंत केला, अशी. लोक कौतुक करतात. अर्चना, म्हणजे माझी बायको, तीही आता मध्येमध्ये तपशील भरते. ही गोष्ट मी किती जणांना ऐकवली असेल, देव जाणे. खरी मात्र एकालाही नाही. तिलासुद्धा नाही. तुम्हालाच का सांगतोय, ते विचारू नका — मला धड माहीत नाही. त्या कौतुकाचा वैताग आलाय, एवढं खरं.

पण एकदम तिथे जायला जीभ रेटत नाही. आधी दुसरा वैताग सांगतो, तो सोपा आहे.

आमचं सगळं आधी कळस मग पाया. नाशिकरोडच्या एका हॉटेलवाल्याने धंदा गुंडाळला, तेव्हा त्याचे पाच स्पीकर आणि एक भलामोठा सबवूफर मी उचलला. स्वस्तात मिळाला, म्हणून उचलला. या सगळ्यांना टीव्हीतला आवाज वाटून देणारा रिसीव्हर लागतो, तो नसेल तर स्पीकर म्हणजे नुसती लाकडी खोकी — हे मला माहीत नव्हतं का? होतं की. पण म्हटलं, रिसीव्हर काय, मिळून जाईल. तो मिळेना. वर्षभर अर्चनाने त्या स्पीकरांवर मनीप्लांटच्या बाटल्या ठेवल्या आणि सबवूफरवर इस्त्रीचे कपडे. पाहुणे विचारायचे, हे काय? ती म्हणायची, ह्यांचं थिएटर.

हौसेला मोल नसतं म्हणतात. ज्याने म्हटलं त्याला एक तर हौस नसावी, नाही तर पगार दांडगा असावा. मी अंबडच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळतो. फ्लॅटचा हप्ता जातो, पोरीच्या क्लासची फी जाते, मग जे उरतं त्यात छंद बसवायचा. नवा रिसीव्हर घ्यायचा तर दोन महिने घरात चूल पेटवायची नाही, असा हिशेब. एमजी रोडच्या दुकानदाराने तर मला वेड्यातच काढलं. आता रिसीव्हर कोण घेतं साहेब, म्हणाला, साउंडबार घ्या, एक पट्टी लावली की झालं. घरी पाच स्पीकर धूळ खात पडलेत आणि हा मला पट्टी विकतोय.

मग जुन्याच्या मागे लागलो. रोज जेवणाच्या सुट्टीत मोबाइलवर जाहिराती. जो परवडतो त्याला टीव्ही जोडायचं एचडीएमआयचं भोक नाही, ज्याला भोक आहे तो परवडत नाही. सटाण्याचा एक जण फोनवर छातीठोक म्हणाला, "आवाज एक नंबर शे, भाऊ." रविवार घालवून, एसटीचे धक्के खाऊन गेलो, तर डब्यात उंदराने संसार मांडलेला. गंगापूर रोडला एका बंगल्यात चांगला होता. मालकाने चहा पाजला, चांगल्या आवाजाची किंमत मोजावी लागते यावर व्याख्यान दिलं आणि एक रुपया कमी केला नाही. परत येताना गाडीवर मी त्याला मोठ्याने शिव्या दिल्या. सिग्नलला शेजारचा रिक्षावाला बघायला लागला.

हे सगळं कशाला सांगतोय मी? तुम्हाला माझी दया यावी म्हणून? नको. पण असं वर्षभर हात हलवत परतलेला माणूस त्या दिवशी देवळाली कॅम्पात गेला होता, एवढं लक्षात ठेवा. ठेवलं नाहीत तरी चालेल.

कॅम्पातली पद्धत आम्हा नाशिककरांना पाठ आहे. फौजी कुटुंबाची बदली झाली की क्वार्टर ठरलेल्या दिवशी रिकामं करून द्यावं लागतं. मग कूलर, सायकली, कपाटं, कुंड्यासुद्धा, जे न्यायला परवडत नाही ते विकून टाकतात. दोन दिवसांवर गाडी असते, घासाघीस करायला त्यांना वेळ नसतो. आणि घाईतल्या माणसाकडून घ्यावं, हा आमचा शहाणपणा. आमच्या कारखान्यातल्या एकाने सांगितलं, तोफखान्यातले एक हवालदार पुढे निघून गेलेत, बायको सामान काढतेय, त्यात रिसीव्हर आहे. मॉडेल ऐकलं आणि माझी भूकच गेली. हाच, अगदी हाच मी वर्षभर शोधत होतो. किंमतही रास्त होती — खरं तर रास्तहून कमी. माझ्या खिशापेक्षा मात्र थोडी वर.

रंजना नाव त्यांचं. साताऱ्याकडच्या, खटावच्या. खोलीत काळ्या पत्र्याच्या पेट्या रचलेल्या, त्यांवर पांढऱ्या रंगात नवऱ्याचं नाव. भिंती मोकळ्या झालेल्या. एक रिसीव्हर आणि त्याचे दोन स्पीकर तेवढे त्यांनी मांडून ठेवले होते. मी टेकायच्या आत त्यांनी सांगून टाकलं की पुसायला म्हणून सगळं सोडवलं होतं आणि सकाळी परत त्यांनीच जोडलंय — लाल ते लाल, काळं ते काळं. ह्यांनी कधी हात लावू दिला नव्हता, म्हणाल्या. पण आता हे नाहीत, घेणाऱ्याला वाजवून तर दाखवायला पाहिजे. सांगताना चेहरा असा उजळलेला, की मलाही बरं वाटलं. ते बरं वाटलेलं मला आजही आठवतं, आणि म्हणूनच जास्त राग येतो.

त्यांनी बटण दाबलं. गाणं लागलं, आणि दोन ओळींतच खट्ट आवाज होऊन सगळं गप्प. डब्याच्या छोट्या पडद्यावर ‘प्रोटेक्ट’ लुकलुकायला लागलं. त्याचा अर्थ एवढाच, की काहीतरी चुकीचं टेकलंय आणि डबा स्वतःला वाचवायला बंद झालाय. हे मला माहीत होतं. वर्षभर दुसरं वाचलं काय होतं मी? वाकून मागे पाहिलं. केसाएवढी तांब्याची एक तार लाल खुंटीतून सुटून काळीला टेकली होती. बस्स. जोडणी सगळी बरोबर होती, अगदी बिनचूक. एक तार पिळायची राहिली होती. बटण बंद करून ती नुसती बाजूला केली असती तर गाणं पुढे सुरू झालं असतं.

मी किती वेळ तसा वाकून होतो? फार नसेन. पण तेवढ्यात माझ्या मनात सगळं झालं — दोन महिन्यांची चूल, उंदराचा संसार, बंगल्यातलं व्याख्यान, स्पीकरांवरच्या बाटल्या. आणि मी मान बाहेर काढून जीभ टाळूला लावून चुकचुकलो.

बोर्ड गेलेलं दिसतंय, म्हटलं. वास येतोय बघा, जळका.

वास नव्हता हो. कसलाच नव्हता. पण त्या पुढे आल्या, पदर सावरून डब्याच्या जाळीजवळ नाक नेलं, आणि म्हणाल्या — हो, येतोय खरा.

इथे थांबलो असतो तरी मी स्वतःला समजावू शकलो असतो. भाजीवाल्याचे चांगले टोमॅटो आपण नरम म्हणतोच की भाव पाडायला. खोटंच असतं ते. बाजार म्हटला की एवढं चालतं — असं म्हणून मी वर्षानुवर्षं झोपलो असतो. पण माझं खोटं तेवढ्यावर राहिलं नाही. आता येतंय ते. मी मघापासून याच्याभोवतीच घिरट्या घालतोय, तुमच्या लक्षात आलंच असेल.

त्यांनी हात पदराला पुसले आणि विचारलं, "माझ्याच हातनं गेलं का ओ दादा?"

आता सांगा, काय अडत होतं माझं? जुनी मशीन आहे, आपोआप जाते, असं म्हणू शकत होतो. भाव पडायचा तो पडलाच होता. त्या बाईंना दोष न देताही मला डबा मिळत होता. एवढं मला त्या क्षणीही कळत होतं. पण मी म्हटलं —

"हो. वायर चुकली की असंच होतं."

का म्हटलं? अपराधी वाटणारं माणूस किमतीवर अडत नाही, म्हणून. दुसरं काही कारण मी शोधलं, सापडलं नाही.

त्यांनी नवऱ्याला फोन लावला, स्पीकरवर. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते ओरडले नाहीत. शांतपणे म्हणाले, "जाऊ दे. तुला जमणारं काम नव्हतं ते." त्यावर त्या ‘चुकलं माझं’ म्हणाल्या — माझ्यासमोर, एका परक्या माणसासमोर. मग हवालदार माझ्याशी बोलले. दादा, तुम्ही जाणकार दिसता, म्हणाले, तुमच्याकडे दुरुस्त होत असेल तर न्या, काय द्यायचं ते द्या. मी भंगारवाल्यापेक्षा जरा बरं दिलं. जरा बरं दिलं, याचं मला तेव्हा समाधानही वाटलं होतं. माणूस किती हलका होऊ शकतो बघा.

रंजनाताईंनी तो डबा जुन्या चादरीत गुंडाळून दिला. रिमोट आठवणीने दिला, वर नवे सेल. गाडीला बांधायला स्वतः दोरी धरली. आणि निघताना माझा नंबर घेतला, त्यांचा दिला. दुरुस्त झालं तर एक फोन करा, म्हणाल्या, म्हणजे ह्यांना सांगता येईल, की फार काही बिघडलं नव्हतं.

घरी आल्यावर माझ्या स्पीकरांच्या तारा नीट पिळल्या, लावल्या. अर्चनाची कणीक मळून व्हायच्या आत डबा वाजायला लागला. बाटल्या हटल्या, इस्त्रीचे कपडे हटले. ‘दुरुस्त केलात?’ ती म्हणाली. मी ‘हो’ म्हटलं, आणि तिथून ती गोष्ट सुरू झाली. शेजारचे जोशीकाका त्यांचा बिघडलेला टेपरेकॉर्डरसुद्धा माझ्याकडे घेऊन आले, तो काही मला दुरुस्त करता आला नाही. आवाज? आवाज अप्रतिम आहे. सिनेमात पाऊस पडला तर मागे वळून खिडकी बघावी, असा. त्याचाही राग येतो. निदान आवाज तरी वाईट निघायचा होता.

फोन मी केला नाही. रोज म्हणायचो, उद्या करू. करून सांगणार काय होतो? बोर्ड बदललं, असं आणखी एक खोटं सांगूनही त्या बाईंना मोकळं करता आलं असतं — हे मला सुचलं होतं. सुचूनही केलं नाही. दुरुस्त झालं म्हटल्यावर हवालदार किमतीचं विचारतील, ही भीती. बघा, एवढ्या लांबवरूनही मी माझा डबाच राखत होतो.

शेवटी फोन त्यांनीच केला, नव्या गावाहून. आम्ही सगळे हॉलमध्ये होतो, सिनेमा ऐन भरात आलेला. नंबर पाहिला आणि मी आधी रिमोटने आवाज बंद केला. तोच रिमोट, त्यांचेच सेल. त्यांनी अर्चनाची, पोरीची चौकशी केली, तिकडच्या थंडीचं सांगितलं. मग विचारलं, झालं का ओ ते सुरू?

समोर पडद्यावर माणसं तोंड हलवत होती. मी म्हटलं, नाही हो ताई, खूप प्रयत्न केला, पार जळालं होतं, भंगारात द्यावं लागलं.

त्या म्हणाल्या, "बरं केलं सांगितलं. मला उगाच वाटत होतं, की आपण नीट लावलं होतं म्हणून. आता इथं गीझर, टीव्ही, सगळं शेजारच्यांकडनंच जोडून घेतलं. मी काय कशाला हात लावत नाही."

मी म्हटलं, तेच बरं.

अर्चनाने खुणेने विचारलं, कोण? कंपनीतून होता, म्हटलं. मग आवाज पुन्हा चालू केला, आणि सिनेमा शेवटपर्यंत पाहिला.