कपबशीचा चाकू

माझ्या पर्समध्ये चाकू असतो हे कळलं की लोक जरा मागे सरकतात. मग मी तो काढून दाखवते. हिरवी मूठ, आणि मुठीतून उघडणारं बोटभर लांब, पांढरंशुभ्र पातं, तेही चिनीमातीचं. ते पाहून तेच लोक हसायला लागतात. "पडला तर चहा सांडेल," असं आमचे हे पहिल्याच दिवशी म्हणाले, आणि घरात त्याचं नाव कपबशीचा चाकू पडलं ते पडलंच.

हसेनात का. रामदासपेठेतल्या एका दवाखान्यात मी कामाला आहे. दुपारी डबे उघडले की पेरू, काकडी, लिंबू सगळं माझ्याकडे येतं. हा चाकू गंजत नाही, लिंबाचा वास धरत नाही, वजन तर जवळजवळ नाहीच. पार्सलची चिकटपट्टी, खोक्याची दोरी, मैत्रिणीच्या नव्या कुर्त्याला लोंबणारी किमतीची चिठ्ठी, सगळं यानंच कापायचं. अट एकच. पातं पिरगाळायचं नाही आणि त्यानं काही उचकटायचं नाही. सरळ वागाल तर लोण्यासारखा चालतो, वाकड्यात शिराल तर तुकडा पडतो. माझाही स्वभाव असाच आहे असं माझी आई म्हणते, म्हणून असेल, पण मला तो लगेच आवडला.

मामाजींना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, मात्र तो मुळीच आवडला नव्हता. "हा चाकू हाय का खेळणं वं?" असं विचारून त्यांनी तो बघायला घेतलेला तसाच माझ्या हातात परत दिला होता. कोराडीच्या वीज केंद्रातून ते कधीच रिटायर झाले, पण त्यांचा खरा हुद्दा अजून शाबूत होता. दर थंडीत सावनेरजवळच्या आमच्या शेतात रोडगे होतात. कणकेचे जाड गोळे गोवऱ्यांच्या जगऱ्यात, म्हणजे धगधगत्या निखाऱ्यात, भाजायचे, फोडून त्यावर तूप ओतायचं, सोबत वरण आणि वांग्याची झणझणीत भाजी. हा स्वयंपाक पुरुषांचा. बायकांनी त्या दिवशी जगऱ्याजवळ फिरकायचं नाही, कडुलिंबाच्या झाडाखाली बसून संत्री खायची आणि लांबून नावं ठेवायची. मी दोन्ही कामं मन लावून करते. आणि तीस वर्षं या स्वयंपाकाचे मुखत्यार मामाजी. त्यांच्या हातची वांग्याची भाजी खायला चाळीस माणसं जमतात.

गेल्या वर्षी त्यांना चिकुनगुनिया झाला आणि उजव्या हाताचा अंगठा आखडून बसला. ताप गेला, अंगठा काही सुटेना. माझे दीर कामाला वाघ, पण तोंडानं फटकळ. ते सगळ्यांसमोर म्हणाले, "बाबा, या वर्षी करा. पुढच्या वर्षीपासून मी आचारी सांगून देतो." मामाजींचा चेहरा उतरलेला मी पाहिला आणि मला दिरांचा भयंकर राग आला. त्या माणसाकडून ती भाजी काढून घेणं म्हणजे त्याला रिकाम्या खुर्चीत बसवून ठेवण्यासारखं होतं.

रोडग्यांच्या दिवशी मी झाडाखालून बघत होते. मामाजींनी त्यांचा जुना लोखंडी सुरा उचलला, दोन वांगी चिरली, तिसऱ्याला सुरा हातातून सुटला. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. मी रिवाज मोडून उठले, संत्री द्यायच्या निमित्तानं गेले आणि त्यांच्या वांग्यांच्या पाटीत चाकू उघडून ठेवला. आणि लगेच झाडाखाली परतले. थोड्या वेळानं पाहते तर मामाजी वांगं घेतायत, चार काप देतायत, पाण्यात टाकतायत. चाकू हलका, अंगठ्यावर जोर नाही. पाटी रिकामी होत आली तसे ते गुणगुणायला लागले, आणि मी झाडाखाली उगाच सगळ्यांना संत्री सोलून वाटत सुटले.

भाजी शिजली, रोडगे फुटायला लागले. एवढ्यात मामाजींची हाक आली. "सूनबाई, इकडं ये वं जरा."

जगऱ्याजवळ बाईला हाक! झाडाखाली सगळ्यांच्या माना वळल्या. मी गेले. मामाजींनी मूठ उघडली. चाकूला टोक नव्हतं.

"तुपाचा डबा उघडत होतो," ते हळूच म्हणाले. "झाकण घट्ट होतं. अंगठा लागेना, म्हणून चाकू घातला. टोक उडालं. कुठी गेलं, दिसून नाही राहिलं."

आमच्याकडे तुपाचं झाकण चमच्याच्या दांड्यानं नाहीतर हाताशी येईल त्या सुरी-चाकूनं उचकटायचं, ही पिढ्यान्‌पिढ्यांची विद्या. लोखंडाला ती चालते. आणि उचकटायचं नाही हे त्यांना सांगायचं मीच विसरले होते. डब्याशेजारी भाजीचं पातेलं उघडं. भाजीत लसणाच्या पाकळ्या, खोबऱ्याचे तुकडे, सगळं पांढरं. त्यात तांदळाएवढं पांढरं टोक. कोणाच्या दाताखाली, घशात गेलं तर? टोक सापडलं नाही तर चाळीस माणसांची भाजी मातीत, आणि तिच्यासोबत मामाजींचा हुद्दाही.

ते सहज गप्प बसू शकले असते. बसले नाहीत. तेवढ्यानंच माझा जीव त्यांच्यावर जडला.

मी खाली वाकून माती पाहिली, सतरंजी झटकली, झाकणाची खाच तपासली. काही नाही. मग डब्यात डोकावले. थंडीनं तूप थिजून रवाळ झालं होतं. त्यातही सगळं पांढरंच. "मामाजी, तूप पातळ करा," मी म्हटलं. त्यांनी अख्खा डबा गंजात, म्हणजे उभ्या पातेल्यात, उपसला आणि गंज निखाऱ्यावर ठेवला. आम्ही दोघं डोकी एकत्र करून आत बघत बसलो. दीर आले. "काहून उशीर होऊन राहिला? पोट्टे रडून राहिले भुकेनं!"

"माझा चाकू तुटला," मी फटकन म्हणाले. "तूप मीच उघडत होते. दोन मिनिटं थांबा."

ते कपाळाला हात लावून गेले. तूप वितळून सोन्यासारखं झालं आणि तळाशी पांढरा कण दिसला. मी पळीनं काढला, पुसला, पात्याला लावून पाहिला. बरोब्बर बसला. कणभरही कमी नाही. मामाजींनी डोळे मिटले आणि मोठा श्वास सोडला. तरी मी ते तूप माझ्या धुतलेल्या सुती ओढणीतून गाळलंच. ओढणीला अजून वास येतो.

पंगत बसली. मामाजी तुपाचा गंज घेऊन पहिल्या ताटापाशी आले आणि थांबले.

"ऐका," ते म्हणाले. "चाकू सूनबाईनं नाही तोडला. म्या तोडला. टोक तुपात होतं, सापडलं, तूप गाळून घेतलं हाय. बिनघोर जेवा." मग दिरांकडे वळले. "आन् पुढच्या वर्षी डबा तू उघडजो. भाजी मीच करीन."

दिरांनी मान खाली घालून ताट पुढे केलं. "तूप जास्त वाढा," एवढंच म्हणाले.

टोक गेलेला तो चाकू अजून माझ्या पर्समध्ये आहे. पेरू कापतो, पार्सल उघडतो. मध्ये मी एक नवा, स्टीलचा, छान मुठीचा चाकू आणला आणि मामाजींना फोन करून सांगितलं की यंदा रोडग्यांना तुमच्यासाठी हा आणते.

"तो राहू दे," मामाजी म्हणाले. "आपला कपबशीचाच आण. वांग्याले टोक कुठी लागते वं?"