ताईचा प्रभाग

नगरपालिकेच्या कचेरीत त्याला सगळे ‘फुटपट्टी’ म्हणायचे, अगदी तोंडावरसुद्धा. तो आरेखक होता, शहराचे नकाशे काढायचा. अंगानं सडपातळ, आणि चालायचा असा नाकासमोर, की जिन्यावर तो दिसला की शिपाई ओरडायचा, “सरका रे, फुटपट्टी येतेय, वाकडं कुणी उभं राहू नका!” तोही हसायचा. खरं तर ते नाव त्याला आवडायचं.

त्याच्या मोठ्या बहिणीला मात्र अख्खं शहर ‘ताई’ म्हणायचं. आई गेली तेव्हा त्याला बुटाची नाडीही बांधता येत नव्हती. वडील लांब पल्ल्याची बस चालवायचे, आठवड्यातले निम्मे दिवस बाहेर. ताईनं शाळा सोडली, पुस्तकबांधणीच्या कारखान्यात कामाला लागली आणि भावाला वाढवलं. संध्याकाळी तिच्या हातांना खळ चिकटलेली असायची, त्याच हातांनी ती त्याचे केस इतके ओढून विंचरायची की त्याच्या डोळ्यांत पाणी यायचं. “आधी याचं मार्गी लागू दे,” असं म्हणता म्हणता तिचं लग्नाचं वय निघून गेलं. तिनं त्याबद्दल कधी अवाक्षर काढलं नाही. भावाचं लग्न मात्र तिनं हौसेनं लावून दिलं, आणि दोघांना वेगळं बिऱ्हाड करायला लावलं. “माझ्या घरात तुमचा संसार नको, सकाळपासून माणसांची वर्दळ असते,” म्हणाली.

वर्दळ खरोखरच असायची. ताई नगरसेविका कशी झाली, ते सगळ्यांना ठाऊक होतं. गल्लीतल्या गटाराचं झाकण कुणीतरी नेलं, आणि शेजारची म्हातारी त्यात पडून पाय मोडून बसली. ताईनं घरातून खुर्ची आणली आणि त्या भोकाशेजारी मांडून बसली. कचेरीतला माणूस झाकण घेऊन येईपर्यंत ती उठली नाही. जेवणही तिथंच केलं. पुढच्या निवडणुकीला लोकांनीच तिला उभं केलं, आणि नंतर दर वेळी तीच. माणसं दात घासता घासता तिच्या दारात यायची, तोंडात फेस घेऊन तक्रार सांगायची. “आधी चूळ भरून ये, मग बोल,” ती म्हणायची, आणि चूळ भरायला पाणीही तीच द्यायची. नवरा नाही, पोरंबाळं नाहीत. तिचं सगळं घरदार म्हणजे घड्याळ चौकामागच्या त्या सात-आठ गल्ल्या होत्या.

पण त्या गल्ल्या आतून रिकाम्या होत चालल्या होत्या. खालच्या मजल्यांवर दुकानं आली, वर गोदामं झाली, तरुण मंडळी नव्या वसाहतींत राहायला गेली. उलट कालव्यापलीकडे, जिथं पूर्वी विटांच्या भट्ट्या होत्या तिथं, सूतगिरणीचे कामगार, हमाल, धुणंभांडी करणाऱ्या बाया अशी वस्ती वाढत वाढत गेली होती. तिथल्या एका प्रभागात ताईच्या प्रभागाच्या तिपटीहून जास्त माणसं होती. नगरसेवक मात्र इकडेही एक आणि तिकडेही एकच.

नवी जनगणना झाली आणि वरून हुकूम आला की प्रभागांच्या हद्दी नव्यानं आखा, प्रत्येक प्रभागात साधारण सारखी माणसं आली पाहिजेत. मुख्याधिकाऱ्यांनी त्याला बोलावलं.

“साहेब, माझी सख्खी बहीण नगरसेविका आहे,” तो म्हणाला. “हे काम दुसऱ्या कुणाला द्या.”

“दुसरा आहे कोण? एक निवृत्त झाला, एकाची बदली झाली. तुम्ही आखा, वर समिती तपासणार आहेच. आणि जाहीर होईपर्यंत घरीदारी कुठं वाच्यता नको.”

तरी तो त्या संध्याकाळी ताईकडे गेला. काम आपल्याकडे आलंय, एवढं सांगायला काही हरकत नव्हती. ताई वाटाणे सोलत बसली होती.

“मी नाही म्हणू शकतो, ताई. हट्टच धरला तर बाहेरून माणूस मागवतील.”

ताईनं मान वर केली नाही. “नाही कशाला म्हणतोस? तूच कर. परक्याच्या हातात नको जायला.”

त्याचा जीव भांड्यात पडला. आपल्या बहिणीचा आपल्या सचोटीवर केवढा विश्वास, असं त्याला वाटलं. घरी जाताना तो जवळजवळ तरंगत गेला.

मग तो कामाला लागला. नुसता कागदावर नाही, पायीही. सुट्टीच्या दिवशी कालव्यापलीकडे जाऊन गल्ली न् गल्ली हिंडला. तिथं एका सार्वजनिक नळापाशी बायांची रांग वळणापर्यंत गेलेली होती. रांगेतल्या एका इस्त्रीवालीनं त्याला हटकलं. “मोजायला आलात की बघायला?”

“हद्द आखायला.”

“मग नीट आखा बाबा. आमचा नगरसेवक वाईट नाही हो. पण एकटा माणूस किती दारांत उभा राहणार? आमची पाळी येईपर्यंत त्याची पाच वर्षं संपतात.”

नगरसेवकांची एकूण संख्या ठरलेली होती. कालव्यापलीकडे वाढवायचे तर अलीकडून कमी करावे लागणार होते. आणि सगळ्यात कमी माणसं घड्याळ चौकामागे होती. त्यानं उत्तरेकडून जोडून पाहिलं, दक्षिणेकडून पाहिलं, बाजाराची एक ओळ आत घेतली. काही केल्या बसेना. शेवटी एक वाट सापडली. गिरणीच्या अधिकाऱ्यांचे बंगले एका अरुंद पट्टीनं ताईच्या गल्ल्यांना जोडले, तर आकडा कसाबसा जुळत होता. त्यानं ती पट्टी पेन्सिलीनं आखली. नकाशावर शेपूट लांबवलेली पाल बसल्यासारखी ती दिसत होती.

बायको चहा घेऊन आली तेव्हा त्याला झाकायचं सुचलं नाही. ती वाकून बघत राहिली. तिला सगळं कळलं.

“एवढं शेपूट राहिलं तर कुणाचं काय बिघडतं?” ती हळूच म्हणाली.

“या शेपटासाठी पलीकडचा एक प्रभाग जातो. तिथले लोक पुन्हा दुसऱ्यांत कोंबावे लागतात.”

“तिनं तुला आईसारखं वाढवलंय.”

“म्हणून तर,” तो म्हणाला. पण म्हणून काय, ते त्याला सांगता आलं नाही. चहा तसाच निवला. त्यानं खोडरबर घेतलं आणि ती पट्टी पुसली. घड्याळ चौकामागच्या गल्ल्यांमधून, मोठ्या रस्त्यानं, त्यानं सरळ रेघ ओढली. निम्मा भाग उत्तरेच्या प्रभागात गेला, निम्मा दक्षिणेच्या. ताईचा प्रभाग राहिलाच नाही.

समितीनं एक रेघही बदलली नाही. प्रारूप नकाशा कचेरीच्या फलकावर लागला त्या सकाळी ही गर्दी झाली. तो जिन्यात उभा होता. ताई आली, तिच्या गल्लीतले चार-पाच जण बरोबर होते. नकाशे तिला कधीच वाचता आले नाहीत. हातात दिला तर ती आधी उलटा धरायची आणि हसायची. आता तिनं फलकाजवळ जाऊन घड्याळ चौक शोधला, त्यावर बोट ठेवलं आणि शिपायाला विचारलं, “माझा प्रभाग कुठाय रे यात?”

शिपाई, जो एरवी कुणालाही उत्तर द्यायला मागेपुढे बघायचा नाही, तो जिन्याकडे बघू लागला.

मग तिला भाऊ दिसला. “ये इकडे. हा का हा?”

तो जिना उतरून आला. “दोन्हीकडे, ताई. थोडा इकडे, थोडा तिकडे.”

“म्हणजे नाहीच.”

“नाही.”

लोकांसमोर तिनं पदर नीट केला आणि निघून गेली. संध्याकाळी तो तिच्या घरी गेला तेव्हा ती अंधारात बसली होती. त्यानं दिवा लावला.

“मी तुला म्हटलं होतं ना, तूच कर म्हणून?”

“म्हणून तर केलं, ताई. तुझा विश्वास होता...”

“विश्वास!” ती हसली, आणि हसता हसता तिचा आवाज फुटला. “अरे वेड्या, मला वाटलं भाऊ आहे, सांभाळून घेईल. परका तरी निदान माझ्या तोंडाकडे बघून घाबरला असता.”

त्या वाटाण्यांच्या संध्याकाळचं ते एकच वाक्य दोघांनी वेगवेगळं ऐकलं होतं. त्यानं तिला कालव्यापलीकडचं सांगायचा प्रयत्न केला. ती म्हणाली, “मला सांगू नकोस. ते मलाही कळतं. कळून काय करू?”

हरकतींच्या सुनावणीला सभागृह खच्चून भरलं होतं. ताईनं हरकत घेतली होती, आणि नकाशा समजावून सांगायला मुख्याधिकाऱ्यांनी त्यालाच उभं केलं. ताई उठली. तिचा आवाज खणखणीत होता.

“आरेखकसाहेब, तुम्ही आमच्या गल्ल्या मधोमध का कापल्या, ते सांगाल का?”

तुम्ही. आयुष्यात पहिल्यांदा. त्याला वाटलं, सभागृहाची रीत म्हणून म्हणाली असेल. त्यानं उत्तर दिलं. आकडे सांगितले, दुसरे पर्याय का बसले नाहीत ते सांगितलं. स्वतःचा आवाज त्याला लांबून कुठून तरी ऐकू येत होता. मग मागच्या रांगेतून ती इस्त्रीवाली उभी राहिली. “ताई, तुमच्या दारात लोक येतात, तुम्ही ऐकता, आम्हालाही ठाऊक आहे. आम्हालाही तसंच एक दार पाहिजे, एवढंच.”

ताई तिच्याकडे बराच वेळ बघत राहिली. मग अध्यक्षांकडे वळून म्हणाली, “मला अजून काही बोलायचं नाही,” आणि खाली बसली. तिनं भांडण सोडलं ते तिथंच. भावाला मात्र तिनं माफ केलं नाही.

बाहेर आल्यावर तो तिच्याजवळ गेला. “रिक्षा बोलावू?”

“नको, तुम्ही कशाला त्रास घेता,” ती म्हणाली.

ती रीत नव्हती. त्या दिवसापासून ताईच्या तोंडी त्याच्यासाठी दुसरा शब्द आला नाही.

ताईचं घर उत्तरेच्या प्रभागात गेलं होतं; निवडणुकीत ती तिथूनच उभी राहिली आणि पडली. तिथल्या लोकांना ती माहीत होती, पण त्यांचा माणूस आधीच ठरलेला होता. कालव्यापलीकडे नवा नगरसेवक आला, दुसऱ्या वर्षी तिथं नवी जलवाहिनी गेली. तो मुद्दाम बघून आला. नळाशी रांग नव्हती. त्याला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याचं कुणाला सांगावं ते कळेना. अशा गोष्टी तो पूर्वी ताईला सांगायचा.

ताईच्या दारात सुरुवातीला माणसं यायची. “आता मी कुणी नाही, अमक्याकडे जा,” असं तिला सांगावं लागायचं. हळूहळू माणसं यायची थांबली. ताई तरी पहाटे उठून दार उघडायची, पडवीत खुर्च्या मांडायची, आणि एकीवर स्वतः बसायची. तो दर आठवड्याला जायचा. ती चहा करायची, समोर ठेवायची. “तुम्ही साखर कमी घेता ना?” तिनं शिव्या दिल्या असत्या, कानाखाली मारली असती, तर त्यानं आनंदानं गाल पुढे केला असता. एकदा त्याची बायको तिच्या गळ्यात पडून रडली. ताईनं तिच्या पाठीवरून हात फिरवला. “मी रागावले नाही गं. पण ‘तू’ तोंडातून येतच नाही, काय करू.”

मग ताईला ताप आला तो उतरेना. फुप्फुसात पाणी झालं होतं. दवाखान्यात तो तिच्या खाटेशी बसून असायचा. तोंड पुसायचा, उशी सरकवायचा. शुद्धीत असली की ती म्हणायची, “तुम्ही आता घरी जा.” एका दुपारी ताप खूप चढला. तिनं डोळे उघडले, त्याच्याकडे नीट पाहिलं, आणि तिच्या चेहऱ्यावर जुनी, कामाची तरतरी आली.

“तू कधीचा बसलायस? बोल ना, काय झालं?”

“ताई...”

“दिवा बंद पडलाय का तुमच्या गल्लीतला? की गटार?”

तेव्हा त्याला कळलं. ती त्याला ओळखत नव्हती. गल्लीतला कुणी पोरगा तक्रार घेऊन आलाय, असं तिला वाटत होतं. त्या सगळ्यांना ती अरे-तुरेच करायची. त्यानं तिची चादर सारखी केली. मग म्हणाला, “दिवा, ताई. वळणावरचा.”

“मी उद्या बघते. तू घाबरू नकोस, घरी जा.” तिनं त्याचा हात थोपटला आणि डोळे मिटले.

त्या रात्री बायकोनं विचारलं, कशी आहे? “आज माझ्याशी बोलली,” एवढंच त्यानं सांगितलं. बायकोचा चेहरा उजळला, आणि तो उजळलेला राहू द्यावा म्हणून त्यानं पुढचं सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताई गेली.

शववाहिकेसाठी त्यानं कचेरीत फोन लावला. पलीकडे कुणी नवा कारकून होता, आवाजावरून तरुण. मयताचं नाव विचारलं, वय विचारलं. मग म्हणाला, “घर घड्याळ चौकामागे ना? तिथं गाडीची नेहमी पंचाईत होते हो. उत्तरवाले म्हणतात दक्षिणेचं, दक्षिणवाले म्हणतात उत्तरेचं. नक्की कुठल्या प्रभागात येतं ते सांगा, म्हणजे तसं कळवतो.”

खोलीत बायका रडत होत्या. ती इस्त्रीवालीही आली होती, दाराशी उभी होती. तो फोन कानाला धरून उभा राहिला.

“हॅलो? काका? माहीत नसेल तर शेजारी विचारून सांगा.”

“माहीत आहे,” तो म्हणाला. “उत्तर.”