विमलताईंचं औक्षण

आमच्या भाजीवाल्या विमलताई यंदा पहिल्यांदाच नगरसेवकपदाला उभ्या आहेत. मागे आमच्या नगरसेवकाने त्यांची हातगाडी पालिकेला उचलायला लावली. ताई गाऱ्हाणं घेऊन गेल्या, तर दारसुद्धा उघडलं नाही. आता त्यांच्या पत्रकात मागण्या दोनच आहेत: भाजीवाल्यांना हक्काची जागा आणि बाजारात बायकांसाठी स्वच्छतागृह.

आज प्रचारात त्या नेमक्या त्याच दारी गेल्या. अख्खी गल्ली बघत होती. दारी आलेल्या उमेदवाराला ओवाळायची रीत मोडता येईना. नगरसेवकाच्या बायकोने मुकाट्याने ताट आणलं. कुंकू लावून घेत ताई म्हणाल्या, "साहेब, उघडतं की हो दार!"

बरी जिरली मेल्याची! मला उकळ्या फुटत होत्या. तेवढ्यात ताई माझ्या दाराकडे वळल्या.

हातगाडी उचलली तेव्हा मी गॅलरीतून नुसती बघत होते. त्यांनी वर पाहिलं होतं.