पुरात 'येतो' म्हणायचं नाही

आमच्या मच्छीमार सोसायटीचा सेक्रेटरी जागेश्वर म्हणजे भारी कटकट्या माणूस. डोंगा नीट बांधला नाही तरी दिवसभर डोकं खाणार. मला त्याचा वैताग यायचा. आज मात्र त्याच्याबद्दल वाईटच वाटतं.

आमचं गाव बोदलकशाच्या वाटेवर. गावचा तलाव भरला की सांडव्यावरून पाण्याबरोबर मासळीही निघून जाते, म्हणून आम्ही तिथे जाळी बांधतो. २००५ च्या पावसाळ्यात त्या जाळीत झाडझुडूप अडकलं आणि पाणी पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, चढू लागलं. जाळी कापायला आम्ही उतरलो. जागेश्वर पाळीवर, परतणाऱ्यांसाठी पाण्यात सोडलेला दोर धरून होता. सगळे बाहेर आले की नाही ते पाहणं त्याचं काम. पावसात माणूस दिसत नव्हता, आवाज तेवढा येत होता. त्याचा धाकटा भाऊ हेमराज ओरडला, "दादा, येतो." जागेश्वरला वाटलं, हा काठाला लागला. बाकीचे आलेच होते. त्यानं दोर गुंडाळला.

हेमराज तर आत जात होता, जाळीचं दुसरं टोक कापायला. पण आमच्याकडे निघताना 'जातो' म्हणतो कोण? 'गेला' म्हणतात ते मेलेल्याला. म्हणून तोही 'येतो' म्हणाला, आणि दुसऱ्या दिवशी सांडव्याखाली सापडला.

आपण काय ऐकलं, ते जागेश्वरनं कोणाला सांगितलं नाही. पुढे काही वर्षांनी तहसीलमधून निरोप आला, की पुराच्या वेळी काय करायचं ते सोसायटीनं ठरवून ठेवावं. सभेत हवा भरलेल्या ट्यूब, बॅटऱ्या, दोर सगळं झटपट ठरलं. मग जागेश्वर म्हणाला, "आनखी एक. पुरात 'येतो' म्हनायचं नाही. पाण्यात शिरताना 'जातो' म्हना, काठाला लागल्यावर 'आलो'."

सभा भडकली. म्हातारा यादोराव म्हणाला, "कायले मरन बोलावून राहिला बे?" मीही त्याच्यावर डाफरलो. बायकांमध्ये हेमराजची विधवा वच्छला बसली होती. कारण सांगितल्याशिवाय कोणी ऐकणार नव्हतं, आणि ते तिच्यासमोरच सांगावं लागणार होतं.

"हेमराज येतो म्हनला," जागेश्वर शेवटी म्हणाला. "मले वाटलं, आला. मी दोर गुंडाळला."

सगळ्यात आधी हात वर झाला तो वच्छलाचा. मग आम्हीही खाली मान घालून आपापले हात वर केले.

जागेश्वर आणि वच्छला एकाच घरात राहत. भासऱ्याशी, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावाशी, समोरासमोर बोलायची आमच्यात रीत नाही. तरी 'जेवले का' एवढं ती जागेश्वरच्या बायकोकडून विचारून घ्यायची. सभेनंतर तेही बंद झालं. जागेश्वर वाळत गेला.

२०१३ मध्ये तलाव पुन्हा फुगला, आम्ही पुन्हा जाळी कापायला उतरलो. 'जातो' म्हणताना माझी जीभ अडखळली, पण म्हटलं. एकेक जण 'आलो' म्हणत काठाला लागला. श्यामलालचा 'आलो' काही आला नाही. जागेश्वरनं आम्हाला माघारी पाठवलं, दोर टाकायला लावला. श्यामलालचा पाय जाळीत गुंतला होता. तो जिवंत निघाला.

संध्याकाळी सगळे जागेश्वरच्या अंगणात जमले. जो तो त्याची तारीफ करत होता. वच्छला चहा घेऊन आली. कप त्याच्यापुढे ठेवला आणि पदर पुढे न ओढता सरळ त्याच्याशी बोलली.

"त्या दिवशी घरून निघताना ते मलेबी येतो म्हनले. भात झाकून ठेवला होता मी. अजून वाट पाहून राहिली."

जागेश्वर आमच्या सगळ्यांसमोर ओक्साबोक्शी रडला. तीही तिथेच त्याच्यासमोर खाली बसली.