डोक्यापर्यंतची वाट

धातूचा कण डोक्यापर्यंत पोचायला कुठली वाट जवळची, याचा माझ्या चुलत सासऱ्यांइतका विचार अख्ख्या कर्जत तालुक्यात कुणी केला नसेल. लढाईचे दिवस होते, आमच्या कळंब गावात बाकीचे लोक रॉकेलच्या काळजीत, आणि हे आपले या काळजीत. चुलत सासूबाई मोठ्या तापातून उठल्या त्या माणसं विसरूनच. वैद्य म्हणाले, डोक्यातला धातू आटलाय, कणभर पोचला तरी पुरे. कुठून पोचवायचा, ते काही बोलले नाहीत. मग सासऱ्यांनी एकेक वाट शोधायला घेतली, आणि बरं का, प्रत्येक वाट आधी स्वतःवर करून बघायची.

पहिली तोंडाची. लोखंडाचा तुकडा चुलीत लाल करून पाण्यात विझवायचा आणि ते पाणी प्यायचं. चार दिवसांनी म्हणाले, "सूनबाई, पोटच सगळं ठेवून घेतं गं. वर काय धाडत नाय." मग नाकाची, कारण नाक डोक्याच्या शेजारी. तांब्याच्या भांड्यात मुरवलेलं तूप नाकात सोडलं आणि दुपारभर इतके शिंकले, की शेजारची म्हैस पान्हा घालीना. "वाट जवळची हाय, पण कण आल्या पावली भायेर येतो," म्हणाले. सासूबाईंचं नाक त्यामुळे वाचलं. शेवटी तळपाय. काशाच्या वाटीने तूप घासलं की तळपाय काळे होतात. आम्ही म्हणतो, उष्णता निघाली. हे म्हणाले, "उष्णता काळी असती व्हय गं? ती काशाची भुकटी हाय. भायेर एवढी, तर आत किती गेली असंल?" आणि वाटी घेऊन कर्जतला सोनाराकडे, आत गेलेलं तोलायला. घासण्याआधी एकदा, घासल्यावर एकदा. सोनार म्हणाला, "काका, मधी माजंबी सोनं तोलू द्या."

सासूबाईंचे पाय मी घासायची. घासून झालं की सासरे समोर बसून विचारायचे, "सांग, मी कोन?" त्या मान खाली घालून गप्प. "नाय पोचला," म्हणत ते उठायचे, आणि त्या दिवशी धड जेवायचे नाहीत. शेवटी मीच म्हटलं, "मामंजी, बाईमाणूस नवऱ्याचं नाव घेतं का? आठवलं तरी त्या सांगणार कशा?" हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं. "मग मला कळायचं कसं गं?" म्हणाले.

एक दिवस मी भात कांडत होते, म्हणून वाटी घेऊन तेच बसले. पायाला हात लागला मात्र, सासूबाईंनी पाय लुगड्याखाली ओढून घेतले. "अवो, तुमी माज्या पायाला हात लावू नका. पाप लागंल मला."

सासरे तसेच बसले, तुपाचा हात पुढे धरून. कुठल्या वाटेने पोचला, हे त्यांनी पुढे कधी विचारलं नाही. मी कोण, ते मात्र सासूबाईंना शेवटपर्यंत उमगलं नाही. मी पान वाढायला वाकले की त्या हळूच त्यांना विचारायच्या, "ही कोन वो?" आणि ते रोज पहिल्यांदाच सांगतायत तसे सांगायचे, "आपली सून हाय. जेव तू."