दसऱ्याला पुजलेली सीडी

केरूकाकांचं नाव काढलं की मला आधी राग येतो आणि मग रडू येतं. रागच जास्त. माणसानं चांगलं असावं, पण किती? त्यालाही काही माप असावं की नाही.

मी रोहिणी. अंबडच्या एमआयडीसीत एका छोट्या वर्कशॉपचं ऑफिस सांभाळते. ऑफिस म्हणजे पत्र्याच्या शेडमध्ये कोपऱ्यात उभी केलेली काचेची खोली. बिलं, चलनं, फोन, मालकांच्या घरची गॅसची टाकी, सगळं माझ्याच गळ्यात. मालक चिमाजीशेठ. माणूस वाईट नाही, पण चूक झाली की ती कुणाच्या पदरात घालता येईल हे त्याला आधी दिसतं.

काचेच्या पलीकडं वायरकट मशीन. केसाएवढ्या तारेनं पोलाद कापणारं. त्याला एक जुना कॉम्प्युटर जोडलेला. त्यात नकाशा टाकायचा, प्रोग्रॅम चालू करायचा, की तार त्या नकाशाबरहुकूम फिरते. ते मशीन चालवायचे केरू भोये. पेठकडच्या डोंगरातले, चौथी शिकलेले. तरुणपणी अंबडला हेल्पर म्हणून आले आणि या मशीनपाशी जे चिकटले ते चिकटलेच. स्क्रीनवरचं इंग्रजी त्यांना वाचता यायचं नाही. कुठल्या चित्रावर दाबलं की काय होतं एवढं पाठ होतं, त्याच्या पलीकडचं काही नाही, आणि ते तसं कबूलही करायचे. ‘मला हेच एक येतं मॅडम, दुसरं काय नाय,’ म्हणायचे. डब्यात नागलीची, म्हणजे नाचणीची, भाकरी असायची. अर्धी मला दिल्याशिवाय स्वतः तोंडात घास घालायचे नाहीत. मी नको म्हटलं तर तोंड एवढंसं करायचे. घ्यावीच लागायची बाई.

दसऱ्याला आमच्याकडं यंत्रांची पूजा असते. सगळ्या अंबडमध्येच असते म्हणा. मशीन धुऊनपुसून झेंडूचे हार, नारळ, पेढे. आरती दरवर्षी कुणाच्या तरी मोबाइलवर लागायची, पण यंदा शेठना आवाज बारीक वाटला. वायरकटच्या कॉम्प्युटरला स्पीकर होते. शेठ गाडीतला पेनड्राइव्ह घेऊन आले. कुठल्याशा जत्रेत गाणी भरून घेतलेला.

‘शेठ, ह्याला बाहेरचं काय लावू नका,’ केरूकाका म्हणाले.

‘अरे, देवाची गाणी आहेत. देवाचं काय बाधतं का?’ शेठ म्हणाले आणि त्यांनी स्वतःच्या हातानं पेनड्राइव्ह खोचला. मी ताम्हण घेऊन शेजारीच उभी होते. माझ्या डोळ्यांदेखत.

आरती झोकात झाली. सुट्टी संपून काम सुरू झालं त्या सकाळी केरूकाका काचेवर टकटक करत आले. म्हणाले, ‘मॅडम, ते उघडंना.’

जाऊन बघते तर खरंच. कुठल्याही प्रोग्रॅमवर दाबा, एकच खिडकी यायची आणि विचारायची, हे कशानं उघडू? मशीनचा प्रोग्रॅम, कॅल्क्युलेटर, सगळ्याला तेच. आता ते मी त्याला सांगायचं होय? बंद करून चालू केला, परत तेच. केरूकाकांनी हारातलं एक फूल काढून कॉम्प्युटरवर ठेवलं. मला हसू आलं, पण त्यांचा चेहरा बघून मी ते गिळलं.

शेठनी ऐकलं आणि सरळ सांगितलं, ‘दुरुस्त झालं तर ठीक. नाही झालं तर मशीन भंगारात. असलं जुनं धूड कुणी ठेवत नाही आता. मी बाहेरून कापून घेईन.’ केरूकाकांचं काय, ते शेठनी सांगितलं नाही. बोलायची गरजच नव्हती. नवी मशीनं आयटीआयची पोरं चालवतात, आणि पन्नाशी उलटलेल्या माणसाला हेल्परीवर कोण ठेवतो? घरी नवसाबाई, त्यांची बायको, गुडघ्यांनी बसलेली. चुंचाळ्याला भाड्याची खोली. मशीन गेलं की केरूकाका गेले, हे शेडमधल्या झाडूवालीलासुद्धा कळत होतं.

मी त्रिमूर्ती चौकातल्या धम्मपालला बोलावलं. कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे त्याचं. सरळ बोलणारा माणूस, उगाच आशा लावत नाही. त्यानं बघितलं आणि म्हणाला, ‘व्हायरस आहे. प्रोग्रॅम कसा उघडायचा हेच तो ह्याला विसरायला लावतो. आणि पंचाईत अशी की औषध म्हणून जे चालवायचं तोही प्रोग्रॅमच. तोही उघडत नाही.’

मग त्यानं औषधाच्या फाइलचं आडनाव, नावापुढं टिंबानंतर असतं ते, बदललं. तसं केलं की व्हायरसला ती ओळखू येत नाही म्हणे. खरंच उघडली. स्क्रीनवर आकडे धावायला लागले. केरूकाका मागं उभे. बसा म्हटलं तरी बसेनात, दवाखान्यात आत कुणाला नेलं की बाहेर उभं राहतात तसे.

तेवढ्यात ज्या कंपनीचं काम अडकलं होतं तिचे फोरमन, जाधवसाहेब, आले. त्यांचा डाय, म्हणजे पोलादी साचा, दसऱ्यानंतर द्यायचा कबूल केला होता. मी चहा दिला. ते धम्मपालच्या मागं जाऊन बघत राहिले.

धम्मपालनं विचारलं, ‘बाहेरून काय लावलं होतं? पेनड्राइव्ह? कुणाचा होता?’

शेठ चहाच्या कपात बघायला लागले. जाधवसाहेब म्हणाले, ‘चिमाजीशेठ, मशीनच्या कॉम्प्युटरला पेनड्राइव्ह लावू देता तुम्ही? मग आमची कामं कुणाच्या भरवशावर टाकायची?’

शेठचा चेहरा उतरला. मी तोंड उघडणार, एवढ्यात मागून आवाज आला.

‘माझा व्हता. म्याच लावला.’

केरूकाका. खाली मान घालून. शेठनी एकदा त्यांच्याकडं बघितलं आणि कप बशीत ठेवला. म्हणाले, ‘काय करायचं साहेब, अडाणी माणसं.’ माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

जाधवसाहेब गेल्यावर मी केरूकाकांना शेडमागं गाठलं. ‘खोटं का बोललात?’

‘गिऱ्हाइकापुढं शेठची मान खाली गेली असती, मॅडम. आता मालकाचा मान राहिला. मालक हे इसरायचा नाय. मशीन नाय तर नाय, मला ठेवील कुठंतरी.’

मी कपाळावर हात मारला. पण त्यांना एवढं हलकं वाटत होतं की पुढं बोलवेना.

दुपारनंतर धम्मपालनं हाक मारली. कॅल्क्युलेटर उघडला होता. त्यानं केरूकाकांना दाबून बघायला सांगितलं. त्यांनी दोन अधिक दोन केले. चार आले. केरूकाका हसले, मीही हसले. सुटलो, असं मला अगदी मनापासून वाटलं. देवाला हात जोडले मी.

मग धम्मपालनं मशीनचा प्रोग्रॅम उघडला. खिडकी आली आणि गेली. परत दाबलं, परत आली आणि गेली. मग तो ती फाइल तपासायला लागला.

‘ही फाइलच व्हायरसनं खाल्लीय,’ शेवटी म्हणाला. ‘औषधानं व्हायरस काढला, पण त्याच्याबरोबर फाइलचं मांसही गेलं. प्रोग्रॅम नव्यानं टाकावा लागेल. मशीनबरोबर सीडी आली असेल ना?’

‘हाय ना,’ केरूकाका लगेच म्हणाले. ‘जिवापाड जपलीय म्या.’ आणि ते देव्हाऱ्याकडं पळत गेले.

आमच्या शेडमध्ये भिंतीला देव्हारा आहे. गणपतीच्या मागं ती सीडी उभी असायची. मी कधी नीट बघितलीच नव्हती. मशीनचा जीव तिच्यात आहे असं मशीन बसवणाऱ्या माणसानं तेव्हा सांगितलं होतं, म्हणून ती देवापाशी. आणि देवापाशी म्हणजे दर दसऱ्याला तिची पूजा. केरूकाकाच करायचे. चकचकीत बाजू वर, कारण देवाला चांगली बाजू दाखवायची. तिच्यावर ओल्या कुंकवाचं स्वस्तिक, हळद, अक्षता. दरवर्षी जुनं कुंकू नखानं खरवडून काढायचं आणि नवं लावायचं.

धम्मपालनं ती हातात घेतली. उजेडात धरली. मग नळावर नेऊन साबण लावून धुतली, मऊ फडक्यानं पुसली, थोडं टूथपेस्ट लावून घासली. कुंकू गेलं. नखाचे ओरखडे राहिले, आणि कॉम्प्युटर वाचतो ती नेमकी हीच चकचकीत बाजू. कॉम्प्युटरमध्ये घातली तर आत घरघर झाली, थांबली, परत घरघर. यादीतली चार-दोन नावं दिसली आणि सगळं गोठलं. मशीन बनवणारी कंपनी केव्हाच बंद पडलेली, तिच्या नंबरावर आता कुणीतरी परकाच फोन उचलायचा. धम्मपालनं राजकोट, कोइमतूर कुठंकुठं फोन केले. कुणाकडं नवा प्रोग्रॅम होता, या मशीनला न चालणारा. जुना कुणाकडंच नव्हता.

‘चुकलं का माझं?’ केरूकाकांनी विचारलं.

धम्मपाल म्हणाला, ‘नाही काका. जपलीत तुम्ही.’ आणि त्यानं मान फिरवली.

मशीन भंगारात गेलं. न्यायला टेम्पो आला तेव्हा केरूकाकांनी स्वतः त्याचे नट सोडवले, दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. शेठनी दिवाळीपर्यंत त्यांना लोखंडाचा चुरा भरायला ठेवलं. दिवाळीनंतर म्हणाले, ‘केरू, आता गावाकडं बघ काहीतरी.’ मी शेठशी भांडले. ते म्हणाले, ‘रोहिणी, मी काय धर्मशाळा काढलीय?’ इसरायचा नाय म्हणणारे केरूकाका तिथंच उभे होते.

मी ऐकते थोडीच. मी सगळीकडं फोन लावले. वायरकटचा जुना ऑपरेटर मिळत नाही म्हणून रडणारी वर्कशॉप्स अंबडमध्ये आहेत, मला माहीत होतं. पण नाव सांगितलं की पलीकडून विचारायचे, ‘तोच का, पेनड्राइव्ह लावून मशीन घालवलं तो?’ शेवटी मी जाधवसाहेबांनाच फोन केला. त्यांच्याकडंही तसलंच एक जुनं मशीन होतं. केरूकाका माझ्यासमोर खुर्चीत बसलेले, त्यांनाही ऐकू जावं म्हणून स्पीकर चालू ठेवला. नको ठेवायला हवा होता.

मी सगळं सांगितलं. पेनड्राइव्ह शेठचा होता, त्यांनीच लावला, मी बघितलं, काकांनी मालकाला वाचवायला अंगावर घेतलं.

‘मॅडम,’ जाधवसाहेब म्हणाले, ‘मी तिथं उभा होतो. त्यानं स्वतःच्या तोंडानं सांगितलं. आता नोकरी पाहिजे म्हणून मालकावर ढकलायचं? असला माणूस तर मला नकोच.’ आणि फोन बंद झाला.

केरूकाका खुर्चीतून उठले.

‘मॅडम,’ मग म्हणाले, ‘म्या सोता जाऊन खरं सांगितलं तर ऐकतील का?’

‘नाही ऐकणार, काका,’ मी म्हणाले.